मलपृष्ठावरचे लाडके काका

मावशीच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिला पालथं राहायला सांगितलं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असतो, तो पडद्याला आतून दाबून धरतो, आणि तो योग्य जागीच राहावा म्हणून मान खाली ठेवायची. झोपताना खाली, बसल्यावर खाली, बोलतानाही खाली. जन्मभर पुस्तकाशिवाय जिला चैन पडली नाही त्या बाईला दिवसभर उशीकडे बघत पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. "तू वाचून दाखव," ती म्हणाली, "पण जरा हलकं काहीतरी आण बाई. आत्ता मला कुणाची दुःखं नकोत." मी बराच वेळ पुस्तकं चाळली आणि एक कादंबरी निवडली. तिच्या मलपृष्ठावर लिहिलं होतं की ही एका भल्यामोठ्या घरातल्या उन्हाळ्याच्या सुट्टीची गोष्ट आहे. अंगणातला झोपाळा, भावंडांची भांडणं, आजीच्या गोष्टी, सगळ्यांच्या लाडक्या काकांच्या गमतीजमती. शेवटी, वाचकाला बोट धरून बालपणात घेऊन जाणारी हसरी-हळवी कहाणी. मुखपृष्ठावर पिवळं ऊन आणि रिकामा झोपाळा.

पहिली शंभर पानं खरोखरच तशी होती. मावशी उशीत तोंड खुपसून हसायची, तिचे खांदे हलताना दिसायचे. तिचा चेहरा मला दिसत नसे, माझा तिला दिसत नसे. आमच्यामध्ये होता तो फक्त आवाज. मोठ्याने वाचणाऱ्याचे डोळे आवाजाच्या अर्धी ओळ पुढे धावत असतात, हे त्या दुपारी मला फार नीट कळलं. कादंबरीतल्या घरातही दुपारच होती. सगळे झोपलेले. काका त्या अकरा वर्षांच्या मुलीला तिकिटांचा अल्बम दाखवायला माडीवर बोलावतात. वाक्यं एकदम आखूड झाली होती. माझं तोंड जिन्याच्या पायऱ्यांवर होतं आणि डोळे दाराच्या कडीपर्यंत पोचले होते. कडी आतून लागली, एवढं एक वाक्य मी पाहिलं आणि माझा आवाज बंद पडला.

"थांबलीस का गं?" मावशीने विचारलं.

मला उत्तर सुचेना. पंख्याचा आवाज येत राहिला. मग उशीतूनच ती म्हणाली, "तो काका ना? मिटव पुस्तक. आधी तू एकटी वाच, मग मला सांग काय आहे ते. ऐकायचं की नाही ते मी ठरवीन." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. माझे हात मात्र गार पडले होते. त्यात मुलीसाठी वाटलेलं भय होतं आणि त्याच्या खालोखाल राग होता. कादंबरी वाईट निघाली म्हणून आलेला राग मला ओळखीचा आहे, तो पुस्तक बाजूला ठेवलं की ओसरतो. हा तसा नव्हता. एका आजारी माणसाच्या उशाशी मी हे नेऊन ठेवलं होतं, आणि ते कुणीतरी माझ्या हातात दुसरंच काही म्हणून दिलं होतं.

रात्री मी कादंबरी संपवली. ती चांगली आहे, आणि हेच मला अवघड गेलं. वाईट असती तर लेखिकेला दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. पण तिने फार जबाबदारीने लिहिलं आहे. माडीवरच्या खोलीत ती वाचकाला नेतच नाही. कडीच्या आवाजानंतर थेट संध्याकाळ येते, आणि ती मुलगी अंगणात उभी राहून एकाच पायातली चप्पल पुन्हा पुन्हा काढते-घालते आहे. पुढचं सगळं असंच कळतं. वागण्यातून, मध्येच तुटलेल्या बोलण्यातून, जेवणाच्या पंगतीत तिने बदललेल्या जागेतून. मधल्या भागात आदल्या उन्हाळ्यात विहिरीत पडून गेलेल्या थोरल्या चुलत बहिणीचा उल्लेख येतो. घरातले त्याला अपघात म्हणतात. शेवटपर्यंत कुणी दुसरा शब्द वापरत नाही, आणि वाचणाऱ्याला तो दुसरा शब्द आपल्या मनात उच्चारावा लागतो. पहाटे मी रडले. त्या रडण्यातही कादंबरीसाठी किती आणि फसवणुकीसाठी किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं. वाचकाच्या आयुष्यात असं रडणं क्वचित मिळतं, आणि तेही निर्मळ मिळू नये याची खंत अजून आहे.

मग मी पुस्तक उलटं केलं आणि मलपृष्ठ एकेक शब्द तपासत वाचलं. त्यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. झोपाळा आहे. सुट्टी आहे. भावंडं भांडतात, आजी गोष्टी सांगते. काका तर खरोखरच सगळ्यांचे लाडके आहेत. लेखिकेने ते किती मन लावून रंगवले आहेत! ते मुलांना पत्त्यांच्या जादू शिकवतात, भांडणं मिटवतात, आजीची औषधं वेळेवर देतात. वाचकाचाही त्यांच्यावर जीव जडावा अशीच ती मांडणी आहे, कारण अशी माणसं घराच्या विश्वासावरच जगतात आणि त्या घरात राहिल्याशिवाय आपल्याला तो विश्वास कळायचा नाही. मलपृष्ठ लिहिणाऱ्याने पहिला तृतीयांश भाग उचलला आणि तिथेच लेखणी थांबवली. तो मजकूर कादंबरी अर्धवट वाचून लिहिला गेला असेल, किंवा पूर्ण वाचून मुद्दाम तसा लिहिला असेल. यातलं नेमकं काय घडलं ते मला ठाऊक नाही, आणि दोन्ही शक्यता मला सारख्याच त्रास देतात.

पुस्तकाच्या पाठीवर गोड बोलायची ही रीत तशी जुनी आहे. 1855 साली वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीने आपला काव्यसंग्रह तिथले नामवंत विचारवंत-लेखक इमर्सन यांना पाठवला. इमर्सनने खासगी पत्रातून मनापासून कौतुक केलं, आणि पुढच्याच वर्षी, 1856 मध्ये, दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रातली ओळ सोनेरी अक्षरांत झळकली. इमर्सनला कुणी विचारलं नव्हतं. पुढे 1907 मध्ये गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने पुस्तकविक्रेत्यांच्या मेजवानीसाठी आपल्या पुस्तकाचं एक खास वेष्टन छापून घेतलं. त्यावर तोंडाशी हात नेऊन ओरडणारी एक काल्पनिक बाई होती, मिस बेलिंडा ब्लर्ब. आज आपण ज्याला ब्लर्ब म्हणतो त्याचं नाव त्या बाईवरून पडलं. म्हणजे हा मजकूर जन्मापासून विकण्यासाठीच आहे, हे मला मान्य आहे. तो कोण लिहितं हेही वाचकांना साधारण ठाऊक असतं. कधी संपादक, कधी जाहिरातीचं काम पाहणारं कुणी, कधी लेखकाचा ज्येष्ठ स्नेही, कधी खुद्द लेखक. पुस्तकांची यादी विक्रेत्यांकडे आधी जावी लागते म्हणून पुष्कळदा मजकूर घाईत, नुसत्या सारांशावरून तयार होतो. शंभर-सव्वाशे शब्दांत चारशे पानं बसवायची हे सोपं काम नाही. कुणाला ते करावं लागतं याबद्दल मला सहानुभूतीच आहे. पण विकण्यासाठी आवाज चढवणं निराळं. 'या दशकातली सर्वश्रेष्ठ कादंबरी' असं छापलेलं मी शांतपणे वाचते, मनातल्या मनात त्यातलं निम्मं कमी करते आणि पुस्तक उचलते. त्या अतिशयोक्तीने माझं काही बिघडत नाही. इथे पुस्तक चांगलं आहे की वाईट याबद्दल काही लपवलेलं नव्हतं. ते काय आहे, हेच लपवलं होतं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते मीही स्वतःला देऊन पाहिलं. साहित्य म्हणजे अनपेक्षिताला सामोरं जाणं, वाचकाला कशाला हवी आहे आधी कल्पना? मला माझ्या लहानपणचं ग्रंथालय आठवतं. तिथली पुस्तकं आली की त्यांची वेष्टनं काढून टाकत आणि काळ्या किंवा गडद हिरव्या रेक्झिनमध्ये बांधून घेत. कण्यावर पांढऱ्या शाईने क्रमांक, नाव बहुधा पुसट झालेलं. चित्र नाही, मजकूर नाही. खळीचा आणि जुन्या कागदाचा वास असलेल्या त्या सारख्याच दिसणाऱ्या ठोकळ्यांतून हाताला लागेल ते घरी यायचं. असंच एकदा एक पुस्तक आणलं, आणि त्यात एका लहान मुलाचं मरण इतक्या थंड शब्दांत लिहिलं होतं की कित्येक रात्री दिवा लावून झोपले. तरी ते पुस्तक मला फसवून गेलं असं कधीच वाटलं नाही. त्याने मला काही सांगितलंच नव्हतं. अंधाऱ्या खोलीत आपण पाय चाचपडत टाकतो. दिवा लागलेला आहे असं कुणी सांगितलं तर सरळ चालत जातो आणि पायरी चुकते. कोऱ्या पाठीच्या पुस्तकांनी मला चाचपडायला शिकवलं. त्यांच्याबद्दल मला आजही माया आहे, आणि कधी कधी वाटतं की खोट्या पाठीपेक्षा ते काळं रेक्झिन कितीतरी सभ्य होतं.

वाचकाची तयारी ही नाजूक गोष्ट आहे. आपण एखादं पुस्तक हातात घेतो तेव्हा शरीरसुद्धा त्या पुस्तकाजोगतं बसतं. हलकं वाचायचं असलं की पाय वर घेतले जातात, मधूनच उठणं चालतं, कुणी हाक मारली तरी ओ देता येते. गंभीर वाचायचं असलं की नकळत दार लोटलं जातं. आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने हे ओळखलं होतं. नाटकाआधी पूर्वरंग, नांदी, मग सूत्रधार येऊन कुणाचं काय नाटक आहे ते सांगणार, त्यानंतर पात्रांचा प्रवेश. युद्ध, राज्यभ्रंश, मरण या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात, असा नाट्यशास्त्रकार भरताचा दंडक आहे. पुढे सगळ्यांनीच तो पाळला असं नाही आणि आज तो पाळावा असंही मी म्हणणार नाही. पण त्यामागे प्रेक्षकाचा विचार आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. करुण, भयानक, बीभत्स हे रस त्याच शास्त्राने शृंगार-हास्याच्या बरोबरीने मांडले. काळोख वर्ज्य नव्हता. काळोखाकडे जाण्याची वाट कुणीतरी दाखवत होतं.

रहस्य फुटण्याचं भय तर मला फार वाढवून सांगितलेलं वाटतं. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा उलट जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत निराळे निष्कर्ष निघाले, त्यामुळे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. आणि खरं सांगायचं तर शेवट सांगा असं कोण म्हणतंय? चित्रपटाच्या सुरुवातीला झळकतात तशा इशाऱ्यांबद्दलही मी साशंकच आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सूचनांवरचे आधीचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की सूचना वाचून आधीची धाकधूक वाढते, पण प्रत्यक्ष वाचताना-बघताना होणारा त्रास काही कमी होत नाही. मला ते पटतं. जखमेवरचं वाचताना दुखणारच. कादंबरीच्या पाठीवर औषधाच्या बाटलीसारखी आतल्या दुःखांची यादी छापावी अशी माझी मागणी नाही, तशी यादी वाचून मला त्या लेखिकेच्या मेहनतीबद्दल वाईटच वाटलं असतं. मला एवढंच हवं होतं की तिथे एक खरं वाक्य असावं. खऱ्या वाक्याने दुखणं कमी होणार नाही. पण हे दुखणं आज घ्यायचं, की पुढच्या महिन्यात, की कधीच नाही, हा निर्णय माझ्याकडे राहील. मावशीने उशीत तोंड असताना नेमका तोच मागितला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं, तरी बोलताना शब्द आपोआप नीट आले. "एका घरात सगळ्यांना आवडणारा एक माणूस आहे. तो तिथल्या मुलींशी वाईट वागतो. घर ते बघत नाही. त्यातली एक मुलगी मोठी होऊन, घर विकायच्या वेळी, परत येते." मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांगलं लिहिलंय?" मी हो म्हटलं. "मग हे दुसऱ्याच्या आवाजात नको. डोळे बरे झाले की मी माझी वाचीन." त्या दिवशी आम्ही प्रवासवर्णन सुरू केलं.

आणि तिने खरंच वाचली, नव्या चष्म्याने, सावकाश. ती काय म्हणेल याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "आजीला ठाऊक होतं गं सगळं. पहिल्याच प्रकरणात बघ, दुपारी ती त्या पोरीला ओढून स्वतःजवळ झोपवते. आणि माडीच्या जिन्याला ती दोनदा तेल लावायचं नाही म्हणते, करकरू दे म्हणते." मी पुस्तक उघडून पाहिलं. जिना तिथे होताच. मी तो मोठ्याने वाचला होता, मावशी त्यावर हसली होती, म्हातारीचा हट्ट म्हणून. हसऱ्या-हळव्या गोष्टीत म्हातारीचा हट्ट विनोदीच असतो. ज्या पानांवर लेखिकेने सगळ्यात बारीक काम केलं होतं, ती पानं मलपृष्ठाने आमच्यासाठी पुसून टाकली होती. आजीचं भय, तिची लाचारी, आवाज उठवता येत नाही म्हणून निदान जिन्याने तरी आवाज करावा ही तिची केविलवाणी राखण, हे सगळं पहिल्या वाचनात आमच्या हातून निसटलं. मावशीला दुसऱ्या खेपेला ते सापडलं, कारण तिला आता आपण कुठल्या घरात शिरतोय ते माहीत होतं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कादंबरीत पाहुणे येतात तेव्हा घरातले त्यांना नेमकं काय सांगतात? आमच्याकडे सुट्टीत कशी धमाल असते, मुलं झोपाळ्यावरून उतरत नाहीत, काका तर काय, सगळ्यांचे लाडके! मलपृष्ठावरचा मजकूर हाच आहे. त्याच क्रमाने, जवळपास त्याच शब्दांत. लेखिकेने इतकी पानं खर्ची घालून जे घर उघडं केलं, त्या घराची बाजू पुस्तकाच्या पाठीने घेतली. आत एक बाई वर्षानुवर्षांच्या गप्प बसण्याबद्दल बोलते आहे आणि बाहेर दारात कुणीतरी उभं राहून पाहुण्यांना सांगतंय की तसं काही नाही, या, बसा. यात कुणाचा दुष्ट हेतू असेल असं मला वाटत नाही. बहुधा एवढंच असेल की दुःखाचं पुस्तक खपत नाही अशी कुणाची समजूत होती, आणि घराघरांतून जे झाकलं जातं ते झाकायची सवय लिहिणाऱ्या हातालाही होती. पण त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की अंगावर काटा येतो. तिचं कुणी ऐकलं नाही म्हणून तिने अखेर पुस्तक लिहिलं, असं क्षणभर धरून चाला. आणि त्या पुस्तकाच्याच पाठीवर पुन्हा काकांच्या गमतीजमती.

या मलपृष्ठाने कोणकोणते वाचक दुरावले असतील याचा मी विचार करत राहते. सुट्टीची गोष्ट म्हणून नेलेल्यांनी ती शंभराव्या पानावर मिटली असेल आणि लेखिकेच्या नावापुढे काट मारली असेल. तिचा काही दोष नसताना. ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यात अशी एखादी माडी आहे, त्यातल्या कुणाकुणाला ही कादंबरी हवी होती, आपलं कुणीतरी नीट लिहिलंय हे बघायला. त्यांनी हे पुस्तक हातात घेऊन, पाठ वाचून, परत ठेवलं असेल. आणि त्यांच्यातल्याच कुणी ते नेलं असेल, थकलेल्या आठवड्यात, पाय वर घेऊन वाचायला... त्या वाचकाचा विचार माझ्याच्याने पुढे नेववत नाही.

मी प्रकाशकांना पत्र लिहिलं आहे. मावशीला सांगितलेली ती चार वाक्यं त्यात तशीच उतरवली आणि त्यांतलं पाहिजे ते वापरा म्हणून कळवलं. माझ्या नावाची गरज नाही, असंही लिहिलं. दुसरी आवृत्ती निघाली आणि काही कारणाने सगळा मजकूर बदलणं जमलं नाही, तर झोपाळा राहू दे, सुट्टी राहू दे, भावंडांची भांडणंही राहू देत. तेवढे 'लाडके काका' मात्र तिथून काढा.